ईर्षेचा हंगाम

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या मराठी माणसांसमोर खेळाचा विषय काढला की बोलणं हमखास हॉकीवर जातं. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंग शिंद्यांच्या लष्करात नोकरीला होते. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असं लोळवलं, त्यातले 10 गोल एकट्या रूपसिंगांचे. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. पुढे ते क्रिकेटकडे गेलं आणि 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिनचं एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक तिथेच झालं. फुटबॉलही ग्वाल्हेरला आहेच. 1857 च्या शताब्दीला, 17 ऑगस्ट 1957 रोजी तिथे राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं, आणि देशभरातल्या शाळांना खेळ शिकवणारे किती तरी मास्तर तिथून तयार होऊन गेले. पण फुटबॉलच्या सामन्यावरून दोन मोहल्ले एकमेकांच्या अंगावर गेले, अशी कथा या शहराच्या आठवणींत काही ठळकपणे येत नाही.

तिथून हजार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला आणखी एक मराठी गादी होती. त्या कोल्हापुरात मात्र फुटबॉल म्हटलं की दोन गोष्टी एकाच दमात ऐकायला मिळतात: खेळाचं वेड आणि हुल्लडबाजी.

हा फरक माणसांच्या स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. तो खेळाच्या मालकीचा आहे. ग्वाल्हेरच्या दरबाराने खेळाडू सांभाळला तो नोकरीत घेऊन, पलटणीत भरती करून. चांगला खेळला तर टाळ्या, हरला तर हळहळ. पलटण हरली म्हणून सराफ्यातल्या दुकानदाराची मान खाली जायचं कारण नव्हतं. कोल्हापुरात संघ उभा राहिला तो गल्लीतल्या तालमीतून, आणि तालीम ही कुणा सरदाराची किंवा पलटणीची नसते, ती पेठेची असते.

राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द 1894 ते 1922) कुस्तीला जे दिवस दाखवले ते सर्वांना ठाऊक आहे. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते युरोपात गेले, वाटेत रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं, आणि परत आल्यावर खासबागेचं कुस्ती मैदान बांधायला घेतलं. 1912 साली ते पुरं झालं. खोलगट भुई, मधे हौदा, भोवती उतरत्या पायऱ्यांवर माणसं. कुठेही बसा, कुस्ती दिसते आणि ओरडलेलं पैलवानाला ऐकू जातं. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला घडवलं ते या मैदानाने. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, गेल्या खेपेला कुणी कुणाला चितपट केलं, हे सारं माहीत असलेला आणि त्यावर मोठ्याने मत देणारा हा प्रेक्षक. निकाल पटला नाही तर हौद्याकडे धावणारा, पटला तर पैलवानाला खांद्यावर घेणारा.

पेठांमधल्या तालमींत सकाळी लाल माती आणि जोर-बैठका चालत. पण तालीम तेवढीच कधी नव्हती. गणपती तिथेच बसे, मोहरमचे पंजेही किती तरी तालमींत बसत आणि अजून बसतात. लग्नाला माणूसबळ लागलं, कुणाच्या दारात मयत झाली, पाण्याचं भांडण पालिकेपर्यंत न्यायचं झालं, तर पहिली हाक तालमीला. अशा तालमीने फुटबॉल उचलला. चेंडू आला तो राजघराण्यातून, शाळा-महाविद्यालयांतून, थोडाफार छावणीतल्या गोऱ्यांकडून; पण त्याला घर मिळालं ते तालमीत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी: संघांची ही नावं वाचली तरी शहराचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. 1940 साली, छत्रपती राजाराम महाराजांच्या अखेरच्या वर्षी, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. लोक तिला नुसतं 'केएसए' म्हणतात. राजघराण्याचा हात तिच्या डोक्यावर तेव्हापासून आजपर्यंत आहे. दरबाराने मैदान दिलं, नियम दिले, चषक दिला. ईर्षा मात्र पेठेने आणली.

ईर्षा हा शब्द कोल्हापुरात शिवी म्हणून वापरत नाहीत. "ईर्षेनं खेळला" ही तिथे शाबासकी आहे.

शाहू स्टेडियमवरचा मोठा सामना असा असतो. थंडी उतरायला लागली की हंगाम सुरू होतो आणि वळवाच्या पावसापर्यंत रेंगाळतो. सामना दुपारी चारचा. जेवणानंतर पेठेतली पोरं जमायला लागतात, एका मोटारसायकलवर तिघे, पुढच्याच्या हातात झेंडा. गॅलरीत दोन्हीकडचे समर्थक आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. कुणी बोर्ड लावून जागा नेमून दिलेली नसते, तरी सगळ्यांना ठाऊक असते. जागा चुकलेला नवखा माणूस दहा मिनिटांत आपणहून उठून जातो. खाली जाळीला चिकटून म्हातारे उभे असतात. त्यांच्यापैकी निम्म्यांनी कधी काळी याच मैदानावर बूट घातलेले असतात, आणि ते पोराला पास कुणाकडे द्यायचा हे त्याच्या टोपणनावाने ओरडून सांगतात. खेळाडू बँकेत लागलेला असो की गॅरेजमध्ये, गॅलरीला त्याचं घर माहीत असतं, वडील माहीत असतात, गेल्या गणपतीत मिरवणुकीत तो कुठे नाचला तेही माहीत असतं. त्यामुळे टोमणा नेमका बसतो. परक्या खेळाडूला दिलेली शिवी हवेत विरते. घर माहीत असलेल्याला दिलेली शिवी घरी पोचते.

मग कुणी तरी गुडघ्यात पाय घालतं. पंच शिट्टी वाजवतो किंवा वाजवत नाही, दोन्हींचा परिणाम सारखाच. पाण्याची बाटली येते. तिच्यामागून दुसरी येते. कधी बाटलीऐवजी दगड असतो. सामना सुटल्यावर गर्दी दोन रस्त्यांनी पांगायला हवी, पण शहर लहान आहे आणि पेठा एकमेकींना चिकटलेल्या. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यामधे काही नदी नाही. मैदानात राहिलेलं चौकात निघतं, उभ्या गाड्यांच्या काचा जातात, पोलीस काठ्या घेऊन धावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर वर्तमानपत्र उघडून लोक एकमेकांना सांगतात, "खेळाचा सत्यानाश केला हुल्लडबाजांनी."

एका जाणत्या माणसाचं बोलणं नीट ऐकलं तर त्यात तीन वेगवेगळे सूर सापडतात, आणि गंमत म्हणजे ते एकाच चहात निघतात. आधी तो खेदाने म्हणतो, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मग जरा रंगात आला की आपल्या वेळची हकिगत सांगतो: अंतिम सामना, वादग्रस्त गोल, पंचाला कुठल्या दरवाजाने बाहेर काढावं लागलं, आणि पुढे आठ दिवस त्या पेठेत आपण कसे फिरकलो नाही. ही हकिगत सांगताना त्याचा आवाज चढतो, डोळे चमकतात. शेवटी कप खाली ठेवताना तो निकाल देतो, "पण परवाची ती पोरं आपली नव्हती. बाहेरची होती."

ही 'बाहेरची पोरं' जगभर सापडतात.

कोलकात्याचं पाहा. 16 ऑगस्ट 1980. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा लीगमधला सामना. पूर्व बंगालातून आलेले आणि इथलेच, अशी फाळणीच्या आधीपासूनची रेघ या दोन संघांच्या समर्थकांमधून जाते. कोण कुठून आलं, कुणाच्या ताटात कोणता मासा, इथपर्यंत ती पोचते. पाच वर्षांपूर्वी, 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 हरवलं होतं, त्याचा सल ताजा होता. 1980 च्या त्या सामन्यात उत्तरार्धात मोहन बागानचा विदेश बसू आणि ईस्ट बंगालचा दिलीप पालित यांची जुंपली. पंचाने दोघांनाही बाहेर काढलं. मैदानात तो प्रसंग तिथेच संपला, पण वरच्या मजल्यावर दोन्ही संघांचे समर्थक एकत्र बसवले होते, मधे जाळी नाही, पोलीस पुरेसे नाहीत. मारामारी पेटली, लोक जिन्याकडे धावले, जिने अरुंद. 16 जण मेले. बहुतेक तरुण पोरं, सामना बघायला घरून सांगून आलेली.

त्यानंतर शहरात जे झालं ते मला दंग्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. संतापाची पहिली लाट समर्थकांवर आली: ही पोरं बिघडलेली, बेकार, खेळाची आवड नसलेली. पण मेलेल्यांच्या घरी जाऊन पाहिलं तर तीच घरं, ज्यांच्या भिंतीवर संघाचा फोटो होता. मग प्रश्न दुसरीकडे वळला. दोन्हीकडच्यांना एकाच गॅलरीत तिकिटं का विकली? त्या सामन्यासाठी क्रिकेटचं मैदान का निवडलं? त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी 16 ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. लाल-पिवळ्या आणि हिरव्या-तांबड्या रंगांचे लोक एकाच रांगेत झोपून हात पुढे करतात. हे लिहिताना मला भाबडेपणाचा आरोप पत्करायचा नाही, कारण दंगे त्याने थांबले नाहीत. 9 डिसेंबर 2012 रोजी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीतून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीच्या चेहऱ्यावर बसला, गालाचं हाड मोडलं. मोहन बागान मध्यंतरानंतर मैदानात उतरलाच नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आधी क्लबवर बंदी घातली, मग ती मागे घेऊन 2 कोटी रुपये दंड केला आणि तोवरचे गुण शून्यावर आणले. दगड मारणारा कोण, हा प्रश्न या सगळ्या निकालांत कुठल्या कुठे गेला.

इंग्लंडने हा धडा जास्त महाग विकत घेतला. फुटबॉलवर बंदी घालण्याची हौस तिथे जुनी आहे. 1314 साली लंडनमध्ये दुसऱ्या एडवर्डच्या नावाने फर्मान निघालं होतं, की चेंडूमागे धावण्याच्या गोंगाटाने शहराची शांतता बिघडते, सबब हा खेळ बंद. सहाशे-सातशे वर्षांनी गोंगाटाची जागा रक्ताने घेतली. 29 मे 1985 रोजी ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी युव्हेंटसच्या समर्थकांवर चाल केली, भिंत कोसळली आणि 39 जण गेले, बहुसंख्य इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षं बंदी झाली, लिव्हरपूलला सहा. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने समर्थक हा गुन्हेगार धरूनच कायदा आखला. मैदानाभोवती लोखंडी जाळ्या होत्याच, आता समर्थकांना ओळखपत्रं द्यायची योजना आली.

आणि मग 15 एप्रिल 1989. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, सामना पुन्हा लिव्हरपूलचाच. पोलिसांनी बाहेरची गर्दी हलकी करायला एक दार उघडलं आणि लोक आधीच भरलेल्या जागेत लोटले गेले. समोर जाळी. जाळीच्या अलीकडे माणसं गुदमरत होती, आणि पलीकडच्या पोलिसांना काही काळ वाटत राहिलं की ही मैदानात घुसायची हुल्लड चालली आहे. 97 जण मेले. काही दिवसांतच 'द सन' या दैनिकाने पहिल्या पानावर छापलं, की समर्थकांनी मेलेल्यांचे खिसे मारले आणि पोलिसांवर लघवी केली. ते खोटं होतं. लिव्हरपूलमध्ये आजही किती तरी दुकानदार तो पेपर ठेवत नाहीत. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाला दिला, ओळखपत्रांची योजना बारगळली, जाळ्या उतरल्या, मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला बसायला खुर्ची आली. पण मेलेले लोक स्वतःच्या चुकीने मेले नाहीत हे ज्यूरीच्या तोंडून ऐकायला घरच्यांना 2016 साल उजाडावं लागलं. हायझेलने इंग्लंडला समर्थकाची भीती शिकवली होती. हिल्सबरोत त्या भीतीनेच माणसं मारली. इंडोनेशियात 1 ऑक्टोबर 2022 रोजी कंजुरुहान स्टेडियममध्ये मैदानात उतरलेल्या प्रेक्षकांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो गॅलरीतही गेला, आणि 135 जण दाराशी चेंगरले. तिथेही सुरुवात हरलेल्या यजमान संघाच्या रागाने झाली होती.

कोल्हापूरची हुल्लड या मापाची नाही. पण डोकी फुटण्यावर निभावलं याचं श्रेय व्यवस्थेला देताना माझा हात अडखळतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदललं ते पैशाने. महापौर चषक होताच. त्यात सतेज चषक, चंद्रकांत चषक असे पुढाऱ्यांच्या नावाचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा फुगल्या, फ्लेक्सवर खेळाडूपेक्षा नेत्याचा चेहरा मोठा झाला. संघांनी नायजेरिया आणि इतर आफ्रिकी देशांतून खेळाडू आणले. गॅलरीने त्यांना टोपणनावं देऊन आपलंसं केलं, आणि ते चुकले की त्यांच्या कातडीवरून जे बोलायचं तेही बोलली. या दुसऱ्या गोष्टीला कोल्हापुरात फारसं कुणी हुल्लडबाजी म्हणत नाही, म्हणायला हवं. दगड मोजता येतो, काच मोजता येते, ही शिवी कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

मोबाईल आला तशी ईर्षा चोवीस तासांची झाली. पूर्वी सामना जिंकल्यावर फटाके फुटत आणि रात्री झोप लागे. आता सामन्याआधी दोन दिवस स्टेटस सुरू होतात, जुन्या पराभवांचे व्हिडिओ फिरतात, आणि चौकातला राडा पुष्कळदा मोबाईलवर आधीच ठरलेला असतो. केएसएने खेळाडूंवर बंदी घालून पाहिली, संघांना दंड केले, तालमींच्या प्रमुखांना बोलावून समज दिली. हंगाम मधेच थांबवण्यापर्यंतही वेळ आली. पोलिसांचं म्हणणं, तुमचा खेळ आहे, तुमचे लोक तुम्ही आवरा. संयोजकांचं म्हणणं, गेटबाहेरची जबाबदारी आमची कशी? इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी वेगळा कायदा आहे, न्यायालय एखाद्याला वर्षानुवर्षं मैदानापासून लांब ठेवू शकतं. आपल्याकडे तसं काही नाही. दंग्याची कलमं लावायची तर पोरांच्या नोकऱ्या जातात. पासपोर्ट अडतात. पोलीस भरतीची स्वप्नं संपतात. म्हणून बहुतेक वेळा 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या सार्वजनिक ठिकाणच्या गैरवर्तनाच्या कलमांवर भागतं, किंवा चॅप्टर केस करून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतात. बाँडवर सही करणारा पोरगा पुढच्या सामन्याला त्याच गॅलरीत असतो, फक्त टोपी जरा पुढे ओढलेली.

हंगाम थांबला की शिक्षा कुणाला होते, हे मैदानावर गेल्याशिवाय कळत नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, ज्याचं हेच एक वर्ष निवड होण्याचं असतं, तो रिकाम्या मैदानाला चकरा मारतो. अनिकेत जाधव याच शहराचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथून 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळला. तो विश्वचषक उरकल्यावर काही आठवड्यांतच महिलांच्या इंडियन वुमन्स लीगची प्राथमिक फेरी कोल्हापुरात झाली. मणिपूरच्या, हरियाणाच्या मुली या शहरात येऊन खेळल्या. दर्दी लोक आले, टाळ्या दिल्या, चांगल्या पासला 'नाद खुळा' म्हणून दाद दिली. ईर्षेला तिथे पेठ सापडली नाही, त्यामुळे दगडालाही काम नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पेठेच्या सामन्याची गर्दीही नव्हती.

यात कोल्हापूरकरांची गोची आहे आणि ती त्यांना चांगली ठाऊक आहे. युरोपातल्या क्लबांच्या जर्सी घालून फिरणारी, विश्वचषकात मेस्सी-नेमारचे उंच कटआउट चौकात उभे करणारी ही माणसं परदेशी मैदानांचं सगळं बारकाईनं पाहतात. शिस्त हवी, हे त्यांनाही पटतं. पण दोन तटस्थ संघांचा, शिस्तीतला, खुर्चीत बसून बघायचा सामना ठेवला तर गॅलरी अर्धी रिकामी राहील, हेही ते खाजगीत कबूल करतात. तालमीने खेळाला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगवलं ते ईर्षेवर. जाहिरातदार नव्हते, टीव्ही नव्हता, सरकार नव्हतं, तेव्हा बुटाला पैसे कुणी दिले? गल्लीने वर्गणी काढून दिले. त्या वर्गणीत ईर्षेचे पैसे किती आणि खेळाचे किती, हा हिशेब कुठल्याही खजिनदाराने मांडलेला नाही.

सामन्याच्या रात्री पोलीस ठाण्यात दहा-वीस पोरं आणून बसवलेली असतात. सकाळी वर्तमानपत्राला प्रतिक्रिया देताना दोन्ही तालमींनी सांगितलेलं असतं, की दंगा करणारे आमचे समर्थक नव्हेत, बाहेरचे आहेत. पण रात्री अकराच्या सुमारास ठाण्याच्या आवारात मोटारसायकली लागायला लागतात. तालमीचा एखादा ज्येष्ठ येतो, एखादा माजी नगरसेवक येतो, कुणाचा तरी चुलता डबा घेऊन येतो. फौजदार यादी पुढे सरकवतो. ज्येष्ठ चष्मा लावून एकेक नाव वाचतो आणि प्रत्येकापुढे बोट ठेवत सांगतो, हा अमक्याचा, हा तमक्याचा धाकटा, हा आमच्या गल्लीतला, ह्याची परवा परीक्षा आहे, ह्याला सोडा साहेब.